नंबर प्लीजच्या आधीचे दोन शब्द

लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमचं गाव परंदवडी. घरात मॅट्रिकपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच मुलगी. नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच चौकशी केली. तिथं परक्या माणसांसमोर बसावं लागतं का? नात्यातल्या एकाने त्यांना सांगितलं, की पोरी आत बसतात, दार लावलेलं असतं, बाहेर जातो तो नुसता आवाज. त्यावर आबांनी दोन दिवस विचार केला आणि मग मला लोणावळ्याला मावशीकडे आणून सोडलं.

आवाजाचंच काम होतं ते. त्या वेळी आमच्याकडच्या फोनला आकडे फिरवायची चकती नव्हती. घरी कुणी रिसीव्हर उचलला, की आमच्या समोरच्या बोर्डावर त्याच्या नंबराचा दिवा लागायचा. आम्ही कॉर्डचं एक टोक तिथे खोचून "नंबर प्लीज" म्हणायचं. तो हवा तो नंबर सांगणार, आम्ही दुसरं टोक त्या नंबरात खोचायचं, की दोघांचं बोलणं सुरू. गावात फोन मोजकेच होते. दुकानदार, डॉक्टर, हॉटेलवाले, तुंगार्लीकडचे बंगलेवाले. थोड्या दिवसांत दिवा बघूनच आम्हाला कळायचं की कोण आहे, आणि पुष्कळदा त्याला कोण हवंय तेही.

"नंबर प्लीज"च्या पलीकडे बोलायला परवानगी नव्हती. माझं गावाकडचं "न्हाई" आणि "लय" सुपरवायझरांनी पहिल्या महिन्यातच घासून काढलं. हे सुपरवायझर पुण्याचे. वरून काही आलं की घाबरून जायचे, पण माणूस सरळ. आम्हा मुलींना ते "बाई" म्हणत आणि आम्ही त्यांना "साहेब".

बोर्डावर माझ्या शेजारी बसायची ती रेल्वे कॉलनीतली ख्रिस्ती मुलगी. तिचे वडील घाटात गाड्यांना मागून ढकलणाऱ्या इंजिनावर ड्रायव्हर होते. तिचं मराठी माझ्याइतकंच चांगलं होतं आणि इंग्रजी माझ्याहून कितीतरी. बंगल्यांवरून फडाफडा इंग्रजीत बोलणारं कुणी आलं, की मी हळूच तिच्याकडे बघायची आणि ती माझी कॉर्ड आपल्याकडे ओढून घ्यायची. पहिल्या वर्षभरात आमची चांगली गट्टी जमली.

त्या वर्षी दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळची पाळी माझी होती. घरापासून दूर अशी माझी ती पहिलीच दिवाळी. मावशीने उटणं लावून आंघोळ घातली होती, पण केस ओलेच बांधून मी कामावर आले आणि रिकाम्या खोलीत हेडफोन लावून बसले. बाहेर फटाके वाजत होते. परंदवडीला आता आई अंगणात सगळ्यांना ओवाळत असेल, असं मनात आलं. तेवढ्यात पहिला दिवा लागला. चिक्कीच्या दुकानाच्या मालकांचा होता. मी कॉर्ड खोचली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शुभ दीपावली, नंबर प्लीज."

पलीकडे ते हसले आणि म्हणाले, "तुम्हालाही बाई, तुम्हालाही." मला इतकं बरं वाटलं की पुढच्या दिव्यालाही तेच म्हटलं, आणि त्याच्या पुढच्यालाही. दुपारपर्यंत सगळ्या गावाला म्हणून झालं. चार वाजता चिक्कीचा मोठा पुडा आला, डॉक्टरीणबाईंनी करंज्या पाठवल्या. साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि करंजी घेतली. पुढच्या दिवाळीला आम्ही दोघींनी तेच केलं. बोर्डावरची माझी शेजारीण तर माझ्याहून गोड म्हणायची, कारण तिचा आवाजच तसा होता.

त्याच वर्षी डिसेंबरात, नाताळच्या सकाळी, ती चर्चमधून थेट कामावर आली. निळा फ्रॉक, केसात रिबीन. पहिला दिवा लागला आणि ती म्हणाली, "मेरी ख्रिसमस, नंबर प्लीज."

मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे बघून हसली. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. पलीकडून उत्तरंही चांगली येत होती. बंगल्यांमधले लोक तर खूशच झाले. एकदोन जण गडबडले, "काय म्हणालात?" असं विचारून नंबर सांगते झाले. चिक्कीवाल्यांनी "मेरी, मेरी" एवढंच म्हटलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी इमारती लाकडाचा धंदा करणारे एक व्यापारी साहेबांना भेटायला आले. साहेबांच्या टेबलात आणि आमच्या बोर्डात एक लाकडी पडदा तेवढा होता, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू येत होता. त्यांचं म्हणणं, हे सरकारी खातं आहे, इथे धर्माचा प्रचार चालणार नाही. साहेब नरमाईने म्हणाले, की दिवाळीला याच मुलींनी आपल्याला शुभेच्छा दिल्या होत्या, तेव्हा आपली काही तक्रार नव्हती.

"ती गोष्ट वेगळी," व्यापारी म्हणाले. "दिवाळी सगळ्यांचीच असते."

ते रागावून बोलत नव्हते. पाणी वर चढत नाही, असं एखाद्याने सांगावं तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं. माझ्या शेजारणीने हेडफोनचा एक कान बाजूला सरकवलेला होता. तिने तो पुन्हा कानावर घेतला आणि समोरचा दिवा घेतला. "नंबर प्लीज." दिवसभर ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मीही काय बोलणार होते? दिवाळी सगळ्यांचीच, असं तोपर्यंत मलाही त्या व्यापाऱ्यांसारखंच वाटत होतं. दिवाळीला मी ज्यांना ज्यांना शुभेच्छा दिल्या, त्यांत मुसलमान होते, पारशी होते, आणि ती स्वतः होती. त्यांची दिवाळी असते की नाही, हे मी कधी मनात आणलंच नव्हतं.

साहेबांनी तूर्त सगळं बंद ठेवायला सांगितलं. मात्र त्यांनाही ते गोड लागलं नसावं, कारण पुढचे बरेच दिवस ते तिच्याशी गरजेपेक्षा जास्त आदराने बोलत होते.

संक्रांतीच्या सुमाराला आबा आले. मावशीला द्यायला नवा तांदूळ आणला होता. जेवताना मी त्यांना हा सगळा प्रकार सांगितला. आबांनी भात कालवता कालवता ऐकून घेतला.

"आगं, त्यात येवढं काय हाय," ते म्हणाले. "आपल्या गावात मुलाणी हाय न्हाई का? त्यो वाटंत भेटला की मी त्याला सलाम घालतो आन् त्यो मला रामराम घालतो. त्याचा शबुद मी बोलतो, माझा त्यो बोलतो. बापाच्या वक्तापासनं आसंच चाललंय."

मी लहानपणापासून ते ऐकत आले होते आणि कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं, की दोघंही दुसऱ्याचा शब्द बोलताहेत. मला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं, तिलाही आवडलं. आम्ही दोघींनी मिळून साहेबांना गळ घातली, की ज्याचा सण असेल त्यालाच शुभेच्छा देऊ. म्हणजे दिवाळीवाल्याला दिवाळीच्या, ईदवाल्याला ईदच्या. तक्रारीला जागाच नाही. साहेबांनी जरा आढेवेढे घेतले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "बघा करून."

ईद आली तेव्हा आम्ही बोर्डावरचे दिवे आठवून आठवून ठरवलं. बाजारातले हार्डवेअरचे बोहरी दुकानदार, स्टेशनजवळचे मटणाचे दुकानदार, खंडाळ्याच्या वाटेवरच्या बंगल्यातलं एक कुटुंब. "ईद मुबारक" म्हणायला मी घरी सराव केला होता. हार्डवेअरवाल्यांचं म्हातारं माणूस फोनवर होतं. त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं आणि मागे वळून घरात कुणाला तरी हाक मारून सांगितलं, की टेलिफोनवालीने ईद मुबारक केलं. आम्हाला वाटलं, जमलं. आबांचा उपाय लागू पडला.

मग दिवाळी आली.

स्टेशनसमोर एक इराणी हॉटेल होतं. मालक साठीचे, आवाज भरदार. त्यांचा दिवा लागला आणि मी ठरल्याप्रमाणे नुसतं "नंबर प्लीज" म्हटलं. त्यांनी नंबर सांगितला नाही.

"बाई, आज दिवाळी हाय ना?"

मी हो म्हटलं.

"शेजारच्या दुकानवाल्याला तुम्ही शुभ दीपावली बोलले. त्याने आत्ताच मला सांगितलं. मला का नाय?"

मी म्हटलं, तुमचा सण नाही ना, म्हणून. ते म्हणाले, की तीस वर्षं ते या गावात आहेत, सकाळपासून हॉटेलच्या पायऱ्यांवर पणत्या लावल्यात, नोकरांना कपडे वाटलेत, आणि गेल्या वर्षी याच फोनवर त्यांना शुभेच्छा मिळाल्या होत्या. "यंदा काय झालं? मला बाहेर काढलं?" असं त्यांनी विचारलं. रागाने नाही. मी घाईघाईने शुभ दीपावली म्हटलं. त्यांनी "बस, असू दे" म्हणून नंबर सांगितला. मागून मिळालेली शुभेच्छा त्यांना नको होती आणि ते बरोबरच होतं.

मी अजून त्यातून सावरले नव्हते, तोच तुंगार्लीच्या एका बंगल्याचा दिवा लागला. तिथे एक निवृत्त प्राध्यापक राहायचे. एकटेच असत. आडनावावरून आमच्याकडे ते सरळ दिवाळीवाल्यांत होते. मी शुभ दीपावली म्हटलं.

"माझा सण कोणता ते तुम्ही कशावरून ठरवलंत?" त्यांनी विचारलं. आवाज शांत होता. मी म्हटलं, नावावरून. त्यांनी फोन ठेवला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतः एक्स्चेंजमध्ये आले. उंच, किरकोळ, हातात काठी. साहेबांनी खुर्ची दिली आणि त्यांनी विनंती केली, की त्या मुलींनाही ऐकू द्या. बोर्डावर एका तिसऱ्या मुलीला बसवून आम्ही दोघी पडद्यापलीकडे साहेबांच्या टेबलाजवळ जाऊन उभ्या राहिलो.

त्यांनी आधी विचारलं, की तुम्ही हे कसं ठरवता. साहेबांनी आमची पद्धत सांगितली. तेव्हा ते म्हणाले, की फाळणीच्या वर्षी ते उत्तरेत एका शहरात नोकरीला होते. त्यांच्या गल्लीत माणसं दारांवरच्या पाट्या वाचत फिरत होती. कोणत्या दारावर थांबायचं आणि कोणत्या नाही, ते नाव वाचून ठरत होतं. त्यांच्या दारावरून ती माणसं पुढे गेली, कारण त्यांचं नाव चालणारं होतं. शेजारच्या दारावर थांबली. एवढं सांगून त्यांनी काठीवरचा हात बदलला.

"या पोरींनी गोड हेतूने केलं हे मला समजतं," ते म्हणाले. "पण सरकारच्या खोलीत बसून कुणी माझं नाव वाचून मला एका बाजूला टाकू नये. शुभेच्छेसाठीसुद्धा नको. सरकारी आवाजाला धर्म नसावा. नंबर विचारा, नंबर द्या. त्यात सगळे सारखे."

साहेब मान डोलावत होते. माझी शेजारीण मात्र बोलली. ती साहेबांसमोर कधी आपण होऊन बोलायची नाही, म्हणून मला ते जास्त आठवतं.

"सर, तुम्हाला चालेल ते," ती म्हणाली. "दिवाळीला कुणी एक शब्द बोललं नाही तरी दिवाळी दिसते. रस्ताभर कंदील असतात, शाळेला सुट्टी, घरोघर वास. माझा नाताळ रेल्वे कॉलनीच्या फाटकाबाहेर कुणाला दिसत नाही. त्या दिवशी कुणीतरी दोन शब्द बोललं, तरच तो असतो. सगळेच गप्प बसले, की सारखे होतात असं नाही."

मला वाटलं, आता प्राध्यापक काहीतरी लागेल असं बोलणार. ते म्हणाले, "हे मी लक्षात घेतलं नव्हतं." मग उठले, साहेबांना नमस्कार केला आणि गेले. आपलं म्हणणं त्यांनी मागे घेतलं नाही, पुढेही रेटलं नाही.

तो दिवस मी फार वेळा मनात फिरवला आहे. मला दोघांचंही पटलं होतं, आणि दोघांचं एकाच वेळी कसं करायचं ते कळत नव्हतं. आबांचा आणि मुलाण्यांचा रामराम-सलाम चालत होता, कारण ती दोन माणसं एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होती, समोरासमोर उभी राहत होती, आणि एकाने चुकीचं म्हटलं तर दुसरा तिथंच हसून सांगणार होता. आमच्याकडे दिवा होता आणि नाव होतं. दिव्याच्या पलीकडे कोण आहे, त्याच्या मनात काय आहे, त्याच्या पायरीवर पणत्या आहेत की नाहीत, हे आम्हाला कुठून कळणार? मी आबांना हे पुढे एकदा सांगितलं. ते म्हणाले, "मंग फोनवर नगं बोलू. भेटल्याव बोल." त्यांच्यापुरतं ते मिटलं.

साहेबांनीही ते आपल्या परीने मिटवलं. यापुढे कोणताही सण असो, फक्त "नंबर प्लीज". कुणाचं मन दुखलं तर दुखलं, पण सगळ्यांचं सारखं दुखेल, असं ते म्हणाले. शेजारणीने मान हलवली. त्या दिवशी ती डबा खायला माझ्याबरोबर बसली नाही. राग माझ्यावर नव्हता, हे तिने नंतर सांगितलं, पण मीही त्या शांत राहिलेल्यांपैकीच होते.

डिसेंबर आला. नाताळच्या सकाळी आम्ही दोघी बोर्डावर होतो. तिने साधी साडी नेसली होती. दिवे लागत होते, ती "नंबर प्लीज" म्हणत होती, आवाज नेहमीसारखाच. मी गुपचूप "हॅपी ख्रिसमस" म्हटलं होतं आणि केकचा तुकडा तिच्या डब्यातून घेतला होता. नऊ वाजून गेल्यावर तुंगार्लीचा तो दिवा तिच्या बाजूला लागला. तिने कॉर्ड खोचली. "नंबर प्लीज."

मग ती नुसती ऐकत राहिली. मला वाटलं, पुन्हा काहीतरी तक्रार. ती हळूच म्हणाली, "थँक यू, सर. तुम्हालाही." आणि कॉर्ड काढून ठेवली.

मी विचारलं, कोणता नंबर हवा होता. ती कॉर्ड बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"नंबर नको होता त्यांना," ती म्हणाली. "म्हणाले, आज तुमचा सण आहे असं मला तुम्हीच सांगितलं होतं. नाव वाचून नाही बोलत, तुम्ही सांगितलंत म्हणून बोलतोय. मेरी ख्रिसमस."

तिने "तुम्हालाही" म्हटलं हे नियमाबाहेर होतं. तिने स्वतःच जाऊन साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, की समोरच्याने आपण होऊन शुभेच्छा दिली तर त्याच शब्दांत परत द्यायला हरकत नाही. आपण सुरुवात करायची नाही. त्यांनी हे कुठं लिहून ठेवलं नाही, पण आमच्याकडे तोच नियम झाला आणि मी तिथे असेपर्यंत टिकला.

त्याचे गमतीदार परिणाम झाले. पुढच्या दिवाळीत लोकच आधी बोलायला लागले. इराणी हॉटेलवाले रिसीव्हर उचलल्या उचलल्या गरजायचे, "शुभ दीपावली, बाई," आणि मी परत दिली की मग नंबर. डॉक्टरीणबाई नाताळलाही बोलायच्या, ईदलाही, आणि एकदा चुकून मोहरमलाही बोलल्या. कुणी नुसतं "हॅपी हॉलिडे" म्हणायचं, कारण त्यांना सुट्टीचंच अप्रूप. कित्येक जण काहीच बोलायचे नाहीत, त्यांना आम्हीही नुसता नंबर विचारायचो. त्यात कुणाचं काही अडलं नाही. पण पहिल्या वर्षीची ती सकाळ, न विचारता सगळ्या गावाला म्हणत सुटायची, ती मात्र पुन्हा आली नाही. मला तिची चुटपुट लागायची. माझ्या मनात तेव्हा जे भरून आलं होतं, त्यात कुणाला दुखवायचं नव्हतं, हेही खरंच होतं.

लाकडाचे व्यापारी दर दिवाळीला फोन उचलून क्षणभर थांबायचे. मला ते थांबणं कळायचं. मी शुभ दीपावली म्हणावं असं त्यांना वाटत असे, आणि त्यांनी आधी म्हणावं असा नियम होता. ते कधी म्हणाले नाहीत. शेवटी नंबर सांगायचे आणि मी जोडून द्यायची. आता वाटतं, एखाद्या वर्षी मोडायला हवा होता मी तो नियम. मग शेजारणीचा चेहरा आठवतो आणि वाटतं, नको, ठीकच केलं.

प्राध्यापक दर नाताळला तिला फोन करत राहिले. दोघांची प्रत्यक्ष भेट फार झाली नसेल. ते आजारी पडून मुंबईला मुलीकडे गेले, तेव्हा जायच्या आदल्या दिवशी बंगल्याच्या माळ्याबरोबर त्यांनी तिच्यासाठी बागेतली फुलं पाठवली होती. त्यानंतर त्यांची खबर आली नाही.

सत्तरच्या दशकात चकतीचे फोन आले आणि मधला आमचा आवाज निघून गेला. तोवर माझी शेजारीण लग्न होऊन कल्याणला गेली होती. मला पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे कॉल जोडतात तिथे, घेतलं. तिथे लांबलचक हॉल, ओळीने बायका बसलेल्या, परगावचे हजारो लोक, आणि कुणी कुणाला ओळखत नाही. दिवाळी असो की नाताळ, तिथे शुभेच्छांचा प्रश्न एकदाही निघाला नाही. भांडणही नाही आणि करंज्याही नाहीत.

ती आणि मी अजून एकमेकींकडे येऊन जाऊन असतो. हा विषय निघाला की आमचं आजही एकमत होत नाही. तिचं म्हणणं, की सगळ्या सणांना, सगळ्यांना, न विचारता म्हणायचं होतं; ज्यांना दुखलं असतं त्यांना सवय झाली असती. माझं म्हणणं, की आधी विचारायला हवं होतं. ती म्हणते, विचारत बसलीस तर सण निघून जातो. मग आम्ही चहा ठेवतो.